गळ्याएवढा पियानो

काकांना पियानो वाजवता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, उधन्याच्या लूमच्या गल्लीत कुणी थोर कलावंत राहत होता आणि आम्हा अडाण्यांना त्याची कदर नव्हती. तसलं काही नाही. काका म्हणजे आमचे घरमालक. मूळचे शिरपूरकडचे, सगळं आयुष्य सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेलेलं, आधी कारीगर म्हणून आणि मग बिघडलेले लूम दुरुस्त करणारे मास्टर म्हणून. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांना लग्नाच्या बँडची एकच धून यायची, तीही अर्ध्यात अडकायची. अडकली की "पुढचं सोपंच आहे" म्हणत ते झाकण लावून टाकायचे.

पियानो मात्र त्यांच्याकडे खोलीभर होते. खालच्या मजल्यावर पूर्वी त्यांचे स्वतःचे लूम होते. ते विकून तिथं पियानो लावलेले, सगळे बुटके, भिंतीला पाठ लावून उभे. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. घरोघरी केबल आली होती, पोरं टीव्हीपुढून हलत नव्हती, आणि हा माणूस उधन्यात पियानो भाड्यानं देत होता! मी लग्न होऊन धुळ्याहून आले. आमच्या ह्यांची नोकरी पांडेसऱ्याला डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात. काकांची वरची खोली आम्हाला मिळाली ती माझ्या वाजवायच्या पेटीमुळे. सामान चढवताना काकांनी पेटी पाहिली आणि जिन्यातूनच ओरडले, "अगं, ही तर मास्तरीण आहे!" त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई. नोकरी नाही, विद्यार्थी नाही, पण हुद्दा मिळाला.

'ओरडले' असं मी म्हणाले खरी, पण काका साधं "पाणी दे" सुद्धा ओरडूनच म्हणायचे. लूमवाल्यांचे कान लूम खातो, आणि खातो तेही वरून खाली. आधी बारीक आवाज जातात, पाखरं, घुंगरं, सायकलची घंटी, बायकोचा आवाज. काका म्हणायचे, "देवानं क्रम चांगला लावलाय." काकू हे ऐकायच्या आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायच्या नाहीत.

हे पियानोचं खूळ कुठून आलं? तर नानपुऱ्यातल्या एका पारशी बाईंचं घर मुंबईला हलवायचं होतं. काकांच्या दोस्ताचा टेम्पो होता, काका हात लावायला गेले. सगळं चढलं, कोपऱ्यात एक लाकडी पेटारा उरला. बाई म्हणाल्या, "ए तो तू लई जा नी, दीकरा." काकांना वाटलं, कपाट आहे. घरी आणून वरचं झाकण उघडलं आणि ते तिथंच मटकन बसले. "अगं, हा तर लूम आहे! ताणा आहे, दांड्या आहेत, चामडं आहे. फक्त कापड निघत नाही!" मग त्यांनी लूमवाल्यानं करावं तेच केलं. लूमला घालतात ते तेल आणलं आणि आत जिथं म्हणून काही हलत होतं तिथं सढळ हातानं ओतलं. पियानोच्या आत सगळा नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, आणि लाकूड. नमद्यानं आणि लाकडानं ते तेल पिऊन घेतलं, दोन्ही फुगले, आणि दाबलेली पट्टी वर येईना. सहा महिने त्यातून लूमच्या खात्याचा, म्हणजे शेडचा, वास येत होता, आणि जो कोणी वाजवायचा त्याची बोटं काळी व्हायची. काकांनी त्यातूनही धडा घेतला तो असा की, तेल हलकं वापरावं.

पुढं पुढं सुरतेतली जुनी घरं मोकळी होत गेली तसे काकांकडे पियानो येत गेले. पण घ्यायचे ते फक्त लहान. त्यांची मापं त्यांनी स्वतःच्या अंगावरून ठरवलेली. उभं राहून बघायचं: कमरेएवढा, पोटाएवढा, छातीएवढा. चौथा प्रकार गळ्याएवढा, तो त्यांच्याकडे नव्हताच. काका स्वतः एवढे बुटके की त्यांच्या गळ्याएवढं म्हणजे आमच्या ह्यांच्या बरगडीएवढं, पण हे त्यांना कोण सांगणार? गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "जिना केवढा?" पियानो कोण वाजवणार, कशाला पाहिजे, हे सगळं मागाहून. लहान पियानोचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो सुरतेच्या जिन्यातून वर जातो, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि सगळ्यात मोठा दोष? तर तोच पुन्हा त्याच जिन्यातून दुरुस्तीला खाली आणावा लागतो. कमरेएवढ्याला तर ते भयंकर शिव्या द्यायचे. त्याची उंची वाचवायला कारागिरानं सगळं यंत्र पट्ट्यांच्या खाली लटकवलेलं असतं, काड्यांनी ओढायचं. एक काडी निसटली तरी सगळं पोट बाहेर काढा. "ज्यानं हा बनवला ना, त्याला एकदा तरी स्वतः दुरुस्त करायला लावायला पाहिजे होता," असं म्हणत काका त्याच्या पोटात डोकं घालून बसलेले असायचे. आम्हाला नुसते पाय दिसायचे.

माणूस बघून पियानो द्यावा, हे त्यांचं तत्त्व. दुसऱ्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंना त्यांनी कमरेएवढाच दिला. बाईंची बोटं सांध्यात सुजलेली, आणि त्याच्या पट्ट्या हलक्या, फुंकर मारली तरी खाली जातील अशा. बाई खूश. एक बँकेतले साहेब आले, त्यांना चाळिशी उलटल्यावर जोरदार भरभर वाजवायला शिकायचं होतं. काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. "साहेब, ह्याची पट्टी पुरी वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. तुम्ही घाई करणार, तो करणार नाही. तुमचं दोघांचं भांडण होईल." साहेब म्हणाले, मी जपून वाजवीन. काका म्हणाले, "जपूनच वाजवायचं तर मग भरभर कशाला शिकता?" साहेब बिचारे गेले ते गेलेच.

आणि एक हिरेवाले शेठ. नवा बंगला बांधलेला, सोफा बदामी, म्हणून पियानोही बदामी पाहिजे. शेठच्या घरात कुणालाच वाजवता येत नव्हतं, त्यावर फुलदाणी ठेवायची होती. काकांनी विचार केला, फुलदाणीला काय कळतंय? त्यांनी पोटाएवढ्यातला सगळ्यात खिळखिळा काढला, ज्याच्या निम्म्या हातोड्या गळून पडल्या होत्या, आणि त्याला बदामी रंग मारून दिला. दिवाळीनंतर शेठच्या मुलाचं लग्न झालं. सून आली मुंबईची, लहानपणापासून पियानो शिकलेली! पाहुण्यांनी आग्रह केला, सुनेनं साडी सावरली, बसली, आणि पियानोतून नुसता खुटखुट आवाज. शेठ दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गल्लीत. काकांनी हात जोडले, पियानो बदलून दिला, आणि त्यानंतर जिन्याच्या जोडीनं दुसरा प्रश्न सुरू केला: "घरात मुलगा लग्नाचा आहे का?"

आता कानाचं सांगते, कारण खरी गोष्ट ती आहे.

पियानो लावायचा असतो, सुरात. काकांना वरचे सूर ऐकू यायचे नाहीत. म्हणून वरची बाजू काकू लावायच्या. म्हणजे तारा आवळायची किल्ली काका फिरवायचे आणि काकू लसूण सोलत बसलेल्या, तिथून खानदेशीत हुकूम सोडायच्या, "चढाव! आखो चढाव, अजून! बस, बस!" काकूंचा आणि संगीताचा काडीचा संबंध नव्हता, पण त्यांचं घड्याळ ठरलेलं. लसूण संपला की सूर लागला. दर बुधवारी आमच्या गल्लीत विजेची सुट्टी असायची, सगळे लूम बंद. तो दिवस दोघांचा फिरतीचा. काका स्कूटरवर पुढे, काकू मागे, मांडीवर हत्यारांची पिशवी आणि त्यात लसूण. गिऱ्हाइकाकडे जायचं, लावून यायचं. खालची अर्धी बाजू काका लावत, वरची अर्धी काकू.

अर्धी-अर्धी ही सुरुवातीची गोष्ट. मी बघता बघता काकूंचा इलाखा खाली सरकायला लागला. आधी मधला सा काकूंकडे गेला, मग त्याच्या खालचा. काका एक दिवस किल्ली लावून नुसते काकूंकडे बघायचे, की समजायचं, हाही गेला. शेवटी काकांकडे उरल्या अगदी डावीकडच्या टोकाच्या चारदोन पट्ट्या, जाड तारांच्या. आणि देवाची काय ती चेष्टा बघा, लहान पियानोत नेमकी तीच जागा भंगार. खालचा सूर लांब तारेतून येतो, आणि बुटक्या पियानोत लांब तार येणार कुठून? ती आखूड करून वर तांब्याचा जाड वेढा मारतात, आणि मग सूर येण्याऐवजी नुसतं ढब्ब होतं. म्हणजे काकांचे कान जिथं शिल्लक होते, तिथं त्यांचे पियानो गप्प. खोलीभर पियानो, आणि मालकाला एकही ऐकू येईना. ते पट्टी दाबायचे, तळहात लाकडावर ठेवायचे, मान हलवायचे, पुढच्याकडे जायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, एक गळ्याएवढा मिळाला पाहिजे. लांब तारांचा. मग बघ." त्यांनी सगळ्या सुरतेत निरोप ठेवले होते. मोठा पियानो कुणी देईना, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे अरुंद जिनाच नव्हता, ते बंगलेवाले, मोठा काढून लहान कशाला घेतील?

माझ्या खोलीत काकांनी स्वतःहून एक कमरेएवढा आणून ठेवला होता. म्हणाले, पेटीवालीनं पियानो शिकावाच. पेटीवालीचे हाल काय सांगू! उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात आपोआप मागे भाता शोधत जायचा. हवेत. काकू जिन्यात उभ्या राहून पोट धरून हसायच्या. पेटीत पट्टी दाबून ठेवली की सूर चालू राहतो. इथं दाबून धरलं तरी सूर आपला विरून जायचा, आणि मी बावळटासारखी बोट रोवून बसलेली. शिवाय पायाशी एक दांडी होती, ती दाबली की तारांसमोर नमद्याची पट्टी येते आणि आवाज दबतो. ती मला कायम दाबूनच ठेवावी लागायची. कारण आमच्या मागच्या खोल्यांत रातपाळीचे कारीगर दिवसा झोपलेले. लूमच्या खडखडाटात ढाराढूर झोपणारे ते गडी पियानोच्या एका टिंगनं ताडकन उठून बसायचे आणि खालून शिव्या द्यायचे. तर असं मी शिकले, हलक्या पट्ट्यांवर, कापसातून आल्यासारखा आवाज करत. काका वर यायचे, पियानोच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "चांगलं असणार."

मग सुरत गावात एका इंग्रजी शाळेला संगीताची बाई पाहिजे होती. मी अर्ज केला. चाचणी अशी की एका वर्गाला गाणं शिकवून दाखवायचं. काका म्हणाले, मीही येतो, तू एकटी कुठं जाशील. मला काय माहीत हा माणूस काय करणार आहे.

शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता, काळा, उंच, कुणीतरी दान दिलेला. काकांनी दारातूनच बघितला आणि त्याच्याजवळ जाऊन सरळ उभे राहिले. वरची कड बरोबर गळ्याशी. मी मनात म्हटलं, संपलं.

मी बसले. समोर पन्नासेक पोरं, पण मला दिसेना एकही! पियानोची भिंत समोर, त्याच्या वरून मला फक्त पंखा दिसत होता. पट्ट्या दाबायला गेले तर त्या दगडासारख्या जड, माझ्या कापसातल्या बोटांना जुमानेनात. पहिल्या ओळीत निम्मे सूर आलेच नाहीत. चिडून मी जोर लावला तर असला दणदणाट झाला की माझीच मी दचकले. पलीकडे पोरांना कळलं, बाईंना आपण दिसत नाही. दोघं डबा उघडून बसली, एक बाकाखाली गेला, बाकीची हसायला लागली. गोव्याच्या प्रिन्सिपल मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मी घामानं भिजले. आता नोकरी तर गेलीच, पण निदान गाणं तरी पुरं करावं म्हणून मी डावा हात खाली खाली नेत गेले, अगदी टोकापर्यंत.

तेवढ्यात पियानो किंचित हलला. काका पलीकडून त्याच्या पाठीला आपली पाठ लावून टेकले होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं. मॅडम घाबरून उठल्या, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. काका गदागदा मान हलवत होते. मग एकदम ओरडले, "आला! खालचा सा आला! अगं थांबू नको, वाजव!" मी तोच सा पुन्हा पुन्हा वाजवला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पोरं पहिल्यांदाच गप्प बसून बघत होती. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पण काका म्हणजे काका. डोळे पुसले आणि पुढच्या क्षणी धंद्याला लागले. "मॅडम, बुरा मत मानना. ये पियानो स्कूल का नहीं है. टीचर इसके पीछे बैठी, तो टीचर को बच्चा नहीं दिखता, बच्चे को टीचर नहीं दिखती. मेरे पास कमर जितना है. टीचर बैठी-बैठी सब को देखेगी. पट्टी हलकी, बच्चे की उंगली को तकलीफ नहीं. चार लडके धकेल के एक क्लास से दूसरे क्लास ले जाएंगे. ये हत्ती को कौन हिलाएगा? वो आप रख लो, ये मैं ले जाता हूं."

मॅडम म्हणाल्या, "लेकिन छोटे में आवाज कम होगी ना?"

"आवाज का क्या करना है, मॅडम? आवाज तो बच्चे करते हैं."

मॅडमना हसू आलं. म्हणाल्या, इतका वाईट आहे तर मग हा तुम्ही का घेऊन जाता? काका शांतपणे म्हणाले, "मेरे घर में बच्चे नहीं हैं." हे साफ खोटं. काकांचे दोन मिशाळ मुलगे सुरतेजवळच्या सचिन गावात नोकरीला होते आणि दर सणाला पोराबाळांसकट येऊन उंबऱ्यापर्यंत घर भरून टाकायचे. हे पुढं काकूंना कळलं तेव्हा त्यांनी लाटणंच उगारलं, "मना पोरं मरी ग्यात का रे?"

पण एक गंमत सांगू? काका बोलले त्यातलं बाकी सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून कमरेएवढा शाळेत आला, मॅडमनी मला पुन्हा वर्ग घ्यायला लावला, आणि वरून पोरांची तोंडं दिसल्याबरोबर माझा जीव भांड्यात पडला. कोण गातंय, कोण नुसते ओठ हलवतंय, कोण शेजारणीची वेणी ओढतंय, सगळं समोर. हलक्या पट्ट्यांवर माझी बोटंही ओळखीची चालायला लागली. गाणं बसलं, नोकरी मिळाली, आणि मी त्या शाळेत, त्याच बुटक्या पियानोवर, पुढं कितीतरी वर्षं शिकवलं. काकांना मोठा पाहिजे होता म्हणून मला लहान मिळाला, आणि दोघांचंही बरं झालं. एवढा सरळ व्यवहार त्या माणसानं आयुष्यात दुसरा केला नसेल.

गळ्याएवढा घरी आणताना मात्र गल्ली जमा झाली. लूमचे भले थोरले बीम, सूत गुंडाळलेले रूळ, वाहतात त्या ढकलगाडीवर तो चढवला. गडी तेच, हाका त्याच. दारातून तो आत जाईना, तेव्हा काकांनी दाराची चौकटच उखडली. काकू म्हणाल्या, आता दार कसं लावायचं? काका म्हणाले, "दार कशाला पाहिजे? हा कोण उचलून नेतोय?" पुढं कित्येक महिने तिथं नुसता पडदा होता.

मग बुधवारची फिरती सोडून रोजचा नेम झाला. मी शाळेतून आले की चहा घ्यायचा आणि खाली जाऊन गळ्याएवढ्यावर वाजवायचं. तो भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध ठेवला होता, म्हणजे काकांना त्याच्या मागे पाट टाकून पाठीला पाठ लावून बसता येईल. डोळे मिटून बसायचे. बोटं गुडघ्यावर ताल धरायची. संपलं की चुका काढायचे, आणि मला सांगायला आवडत नाही, पण कधी कधी बरोबर काढायचे. तेव्हापासून त्यांनी जाहीर करून टाकलं की आपले कान ठणठणीत आहेत, दोष लहान पियानोंचा होता. फिरतीवर गिऱ्हाइकाकडे आता सगळाच्या सगळा पियानो काकू लावायच्या. काका नुसती किल्ली फिरवत आणि म्हणत, "ह्यात ऐकण्यासारखं आहेच काय? तारा तर वीतभर. माझा येऊन ऐका." दार वाजवलं तर कळायचं नाही, फोन वाजला तर कळायचं नाही, काकू कानाशी येऊन ओरडल्या तरी कळायचं नाही. पण पियानो ऐकू येतो म्हणजे कान शाबूत! आम्हीही तेच धरून चाललो. मला तर अभिमानच वाटायचा. म्हातारा जगातलं बाकी काही ऐकत नाही, माझा डावा हात ऐकतो.

अशी तीन-चार वर्षं गेली असतील. एका बुधवारी काकूंचे गुडघे धरले, फिरती राहून गेली. मला शाळेला कसलीशी सुट्टी. काका म्हणाले, चल, आज दुपारीच बसू. मी बसले, ते मागे टेकले. मी सुरू केलं. सावकाश, डाव्या हाताकडून, त्यांना आवडायचं तसं. पहिलं संपलं, दुसरं सुरू केलं. तेही निम्मं झालं असेल, आणि काका पलीकडून म्हणाले, "मास्तरीणबाई, चहा झाला का तुझा? कर की सुरू."

मी वाजवतच होते. माझी बोटं तशीच चालत राहिली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. टोकाचा सा मी सगळ्या ताकदीनं मारला, दोन्ही हातांनी मारला. काका म्हणाले, "अगं, कर ना."

मग मला ती शांतता कळली. बुधवार. दोन्ही बाजूंचे लूम बंद. आमच्या गल्लीत घरं सतत थरथरायची, भिंती, फरशी, फळीवरची भांडी, सगळंच, आणि राहून राहून ते आम्हाला जाणवेनासं झालं होतं. आज काहीच थरथरत नव्हतं. काकांच्या पाठीला इतके दिवस जे लागत होतं ते माझं वाजवणं नव्हतं, शेजारचे लूम होते. केव्हापासून, कुणाला ठाऊक. मला राग आला, कुणाचा ते कळेना.

काका मागून उठून आले. माझे हात पट्ट्यांवर बघितले, मी दाबतेय हे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी काही म्हणणार तेवढ्यात म्हणाले, "बिघडला वाटतं." आणि हत्यारं आणायला गेले. सगळी दुपार ते तो पियानो उघडून बसले. एक एक हातोडी बघितली, एक एक तार चाचपली, खिळे आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. घाम निथळत होता. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. काकू लंगडत दारात येऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी नुसते ओठ मिटून घेतले. त्यांना माहीत होतं. बहुतेक केव्हाचंच.

संध्याकाळी लाइट आली. आधी पलीकडचं खातं सुरू झालं, मग अलीकडचं, आणि खालून फरशी गुणगुणायला लागली. काका त्याच वेळी शेवटचा स्क्रू आवळत होते. झाकण लावलं, पाटावर जाऊन बसले, भीत भीत पाठ टेकली. मी चहाचे कप घेऊन खोलीच्या मध्ये उभी. काकांनी डोळे मिटले, आणि हळूहळू त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"हां," ते मोठ्यानं म्हणाले. "झाला दुरुस्त. आता कसं छान वाजवतेस!"

स्टूल रिकामं होतं. काकूंनी मला हातानं खूण केली, बस. मी कप खाली ठेवले, बसले, आणि वाजवायला लागले.